सलग चारशे अठ्ठावीस दिवस

"साहेब, तुमचं कोल्हं रडाय लागलंय."

गव्हाणेमामा माझ्या मांडीवरच्या फोनकडे बोट दाखवून म्हणाले. मी कपाळ पुढच्या सीटच्या दांडीला टेकवून, डोळे घट्ट मिटून बसलो होतो. कंपनीची बस वाघोली सोडून लोणीकंदच्या दिशेने निघाली होती आणि सकाळचा चहा पोटातून वर यायच्या बेतात होता. मला बस लागते. नुसतं बसलं तर थोडी लागते, फोनकडे बघितलं तर पूर्ण लागते.

"रडू दे," मी म्हणालो.

"असं कसं? मुकं जनावर हाय. काय पायजे त्याला?"

"वर एक जपानी अक्षर दिसतं. खाली चार अर्थ असतात. त्यातला बरोबर असेल तो दाबायचा."

"आन् चुकला तर?"

"तर परत विचारतं. चुकलं म्हणून काही बिघडत नाही. फक्त एकही दिवस चुकवायचा नाही."

"मग आना इकडं."

फोन त्यांच्या हातात गेला तो असा. पुढे वर्षभर तो रोज सकाळी पाऊण तास त्यांच्याच हातात राहिला.

हे कोल्हं म्हणजे जपानी अक्षरं शिकवणाऱ्या अ‍ॅपमधलं चित्र. रोज एक तरी धडा केला की ते टाळ्या वाजवायचं, सलग किती दिवस झाले त्याचा आकडा दाखवायचं, आणि दिवस बुडायला आला की डोळ्यांत पाणी आणायचं. रांजणगावच्या आमच्या कारखान्याला वर्षानुवर्षं सुटे भाग पुरवणारी एक जपानी कंपनी त्या वर्षी भागीदार म्हणून आली होती. त्यामुळे सगळ्यांनी जपानी शिकावं असं मॅनेजमेंटला मनापासून वाटलं, आणि शिकवायला माणूस नेमावा असं अजिबात वाटलं नाही. एचआरच्या मृणाल काळसेकर मॅडमनी नोटीस लावली: अमुक अ‍ॅप डाउनलोड करा, प्रवासातल्या वेळेचा सदुपयोग करा. जो सर्वांत नियमित राहील, त्याला पुढच्या वर्षी सहा महिने जपानला पाठवू. किती शिकलात ते मोजायला कुणाला येत नव्हतं. किती दिवस शिकलात ते मोजता येत होतं. कंपन्यांमध्ये जे मोजता येतं त्यालाच प्रगती म्हणतात.

मला जपानला जायचंच होतं. उगाच संस्कृती वगैरे सांगणार नाही. माझा मेहुणा जर्मनीत होता आणि दर डिसेंबरात घरच्या ग्रुपवर बर्फाचे फोटो टाकायचा. त्याखाली माझ्या सासूबाई लिहायच्या, "किती छान! आपल्याकडे काय, धूळच." आपल्याकडे म्हणजे माझ्याकडे. मी चौतीस वर्षांचा क्वालिटी इंजिनियर, निरंजन खांबेटे, कोथरूडातून धूळ खात रांजणगावला जाणारा. मला एक बर्फाचा फोटो हवा होता, माझ्या स्वतःसकट.

तेवीस दिवस मी बसमध्ये मान खाली घालून अभ्यास केला. चोविसाव्या दिवशी शिक्रापूरला बस थांबवून मला रस्त्याकडेला उतरवावं लागलं. पंचविसाव्या दिवशी मामांनी कोल्ह्याचं रडं ऐकलं.

दशरथ गव्हाणे, वय एक्कावन्न, स्टोअरकीपर. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. वाघोलीला चढायचे आणि माझ्या शेजारची जागा त्यांची ठरलेली असायची, कारण बाकी कुणी बस लागणाऱ्या माणसाशेजारी बसायला तयार नव्हतं. दहावी झालेले, चौदा वर्षं आमच्या स्टोअरमध्ये. त्यांच्यासाठी मी अ‍ॅपची भाषा हिंदी करून दिली. अडाणी माणसाला आधुनिक तंत्रज्ञानाची ओळख करून दिल्याचं समाधान मला त्या दिवशी मिळालं होतं, हेही नोंदवून ठेवतो.

पहिले काही दिवस त्यांच्या चुका व्हायच्या आणि मोठ्याने व्हायच्या. मग ते अक्षरांशी बोलायला लागले.

"हे बघा साहेब, चौकोन, मधी बांध. हे झालं वावर. आन् त्याच्या खाली हे काय?"

मी डोळे न उघडता म्हणायचो, "काय?"

"जोर. वर वावर, खाली जोर, म्हंजी बाप्या मानूस! हाय का नाय? आन् ही बाय कुठं राबत नाय व्हय वावरात? त्ये नाय दिलं यांनी."

दुसऱ्या दिवशी: "मानूस झाडाला टेकला, की झाली सुट्टी. काय डोकं लावलंय!"

पावसाचं अक्षर त्यांना फार आवडलं. खिडकी आणि तिच्यात चार थेंब. "आन् त्याच थेंबांखाली आडवी फणी धरली, की बर्फ," ते म्हणाले. "पाऊस विंचरून घ्यायचा, म्हंजी बर्फ."

पुढे धड्यांत अख्खी वाक्यं आली; कोल्हं ती म्हणून दाखवायचं आणि मामा त्याच्यामागून म्हणायचे. मी हूं म्हणायचो. बस लागलेला माणूस याहून जास्त बोलू शकत नाही. सुट्टीच्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, मामा नसायचे, तेव्हा अभ्यास मला करावा लागायचा. मी सगळ्यात पहिला, सगळ्यात सोपा धडा उघडायचो: डोंगर आणि नदी. अर्धं मिनिट लागायचं. कोल्हं टाळ्या वाजवायचं. वर्षभर दर गुरुवारी मी डोंगर आणि नदी केलं आणि त्यात उत्तम प्रावीण्य मिळवलं.

पावसाळ्यात कधीतरी मामांनी विचारलं, "साहेब, ते जपानला पाठवनार म्हनत्यात. त्यात स्टोअरवाल्याला घेत असतील का वो?"

मी डोळे उघडले. ते फोनकडेच बघत होते.

"मामा, डिप्लोमा लागतो त्याला."

"व्हय व्हय. मी आपलं सहज इचारलं."

डिप्लोमा लागतो असं नोटिशीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. माझ्या तोंडून ते इतक्या सहज आलं की मलाही क्षणभर खरं वाटलं. मी पुन्हा कपाळ दांडीला टेकवलं.

त्यानंतर आठवड्याभराने त्यांनी माझ्याकडे पिवळ्या चिकट कागदांचं एक पॅड मागितलं. ऑफिसात ते ढिगाने पडलेलं असायचं. "कशाला मामा?" तर म्हणाले, "गिरवायला. बोटानं दाबून अक्षार बसत नाय, हातानं काढावं लागतं." मी दर महिन्याला एक पॅड देत गेलो. दानशूरपणाही माझ्या अंगात होता.

या मागणीमागे काय होतं ते मला एकदाच दिसलं, पण तेव्हा समजून घ्यायची गरज वाटली नाही. एका भागाची तक्रार आली म्हणून मी स्टोअरमध्ये गेलो होतो. मामा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडून बसले होते. डब्यात पांढऱ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे, रबर लावून ठेवलेले. जपानहून येणाऱ्या प्रत्येक क्रेटमध्ये अशी एक चिठ्ठी असते: तपासणीच्या खुणा, खाली हाताने लिहिलेल्या एक-दोन ओळी, आणि तपासणाऱ्याचा लाल गोल शिक्का. माल मिळाला की चिठ्ठी फेकून द्यायची असते.

"ह्यो शिक्का बघा," मामा म्हणाले. "चौदा वर्सं एकच शिक्का. एकच मानूस भरतोय माल. नाव किताजिमा. बाई हाय, असं वाटतंय मला. खाली रोज काय ना काय लिवती. पयली काही वर्सं मी सगळं फेकत व्हतो, मग ठिवाय लागलो. आता कुठं वाचाय येतंय. ही बघा, हितं तिचा गुडघा दुखतोय."

"गुडघा?"

"जिना हाय तिथं. लिवलंय तिनं."

मी म्हणालो, "मामा, मला लॉट नंबर सांगा." त्यांनी डबा बंद करून लॉट नंबर सांगितला.

मार्चमध्ये माझे सलग चारशे दिवस पूर्ण झाले. काळसेकर मॅडमनी माझा फोटो नोटीसबोर्डावर लावला. खाली कोल्हं टाळ्या वाजवत होतं. माझ्यामागे दुसरा क्रमांक पेंटशॉपच्या एका मुलीचा होता, एकशे बारा दिवस, कारण मध्ये तिचं लग्न झालं. बाकी सगळ्यांची कोल्ही केव्हाच रडून रडून थकली होती. कँटीनमध्ये लोक मला "कोनिचिवा" म्हणायला लागले. मी गालात हसून मान झुकवायचो. बायकोने ऑनलाइन माझ्यासाठी जाड जॅकेट मागवलं. सासूबाईंनी ग्रुपवर लिहिलं, "जपान स्वच्छ असतं म्हणे." मी हे तीनदा वाचलं.

मग जपानहून ओनो-सान आले. पन्नाशीचे, बुटके, नेमके. इंग्रजी तुटक पण पुरेसं. निवड त्यांनीच करायची होती. काळसेकर मॅडमनी त्यांना माझ्या सलग दिवसांच्या आलेखाची रंगीत प्रिंट दिली. ओनो-सानांनी ती आदराने दोन्ही हातांनी घेतली, बघितली आणि म्हणाले, "चला, कारखाना बघू."

स्टोअरमध्ये त्या सकाळी नवा माल उतरला होता. मामा पहिलं क्रेट उघडत होते. ओनो-सानांनी वाकून आतली चिठ्ठी उचलली आणि माझ्यासमोर धरली.

"खांबेटे-सान. प्लीज."

आजही सांगतो, मला काय झालं ते. मी चिठ्ठी बघितली आणि नजर आपोआप खाली गेली. चिठ्ठीच्या खाली. तिथे चार पर्याय असायला हवे होते. तिथे ओनो-सानांचा अंगठा होता.

मी परत वर बघितलं. डोंगर शोधला. नदी शोधली. त्या बाईने नेमकं दोन्हींतलं काही लिहिलेलं नव्हतं. काळसेकर मॅडम हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत होत्या, आणि ते हसू हळूहळू चेहऱ्यावर एकटं राहिलं.

"हँडरायटिंग," मी म्हणालो. "हँडरायटिंग जरा..."

"तिकडं बर्फ पडलाय," क्रेटमागून आवाज आला.

मामा लोखंडी पहार हातात घेऊन उभे होते. चिठ्ठी त्यांच्या बाजूने उलटी दिसत होती. त्यांनी मान तिरकी केली.

"बर्फ पडलाय. हातमोजं घालून पट्टी आवळली, म्हनून सैल ऱ्हायली आसंल. माफ करा, हळू उघडा." मग त्यांनी तेच, अडखळत, एकेक शब्द जमिनीवर ठेवल्यासारखा, जपानीत म्हणून दाखवलं. आणि मराठीत पुढे जोडलं, "दीड म्हैन्यामागची चिठ्ठी हाय ही. आता वितळला आसंल."

ओनो-सानांनी चिठ्ठी खाली केली. त्यांनी मामांना काहीतरी विचारलं. मामांनी उत्तर दिलं. त्यांनी परत विचारलं. मामांनी पहार भिंतीला टेकवून, हात पँटला पुसून परत उत्तर दिलं. काळसेकर मॅडम माझ्याकडे बघत होत्या, आणि मी त्या क्रेटच्या पट्टीकडे. खरंच सैल होती.

मग ओनो-सान इंग्रजीत म्हणाले, "विचारा त्यांना. कुठे शिकले?"

काळसेकर मॅडमनी विचारलं, "मामा, कुठे शिकलात हे?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. अर्धा सेकंद असेल. त्या अर्ध्या सेकंदात माझं जॅकेट, नोटीसबोर्डवरचा फोटो, सासूबाई, सगळं त्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

"साहेबांनी शिकवलं," मामा म्हणाले. "बसमधी. रोज सकाळी."

काळसेकर मॅडमनी भाषांतर केलं. त्यांचा आवाज इतका आनंदी मी कधी ऐकला नव्हता. ओनो-सान माझ्याकडे वळले, आणि त्यांनी कमरेत वाकून मला नमस्कार केला. शिकणारे पुष्कळ असतात, म्हणाले, शिकवणारा क्वचित. स्वतः पुढे न येता शिष्याला पुढे येऊ देणारा तर त्याहून क्वचित.

मला तोंड उघडायचं होतं. खरोखर उघडायचं होतं. एकच वाक्य होतं, माझ्या मातृभाषेतलं. मी ते बोललो नाही. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी म्हणालो, "मामा, तुम्ही असं का सांगितलंत?"

"मग काय खोटं सांगितलं? फोन तुमचा, पॅड तुमचं, हिंदी तुमी करून दिलं." त्यांनी हात पुढे केला. "आना. कोल्हं रडंल."

"तुम्हाला जायचं होतं ना?"

त्यांनी फोन माझ्या हातून घेतला. "डिप्लोमा लागतो म्हनला व्हता की तुमी." आणि मग, माझ्या चेहऱ्याची दया आली म्हणून असेल, "जाऊन या साहेब. पॅकिंगला गेलात तर तेवढं बघा, गुडघा बरा हाय का तिचा."

निघायच्या आधी मी त्यांच्या फोनमध्ये तेच अ‍ॅप टाकून दिलं. त्या सगळ्या प्रकरणातलं माझं एवढं एकच सत्कृत्य, आणि तेही फुकटचं होतं.

सलग चारशे अठ्ठावीस दिवस झाले आणि दुसऱ्या दिवशी मी विमानात बसलो. ओसाकाला उतरेपर्यंत कोल्ह्याने सहा वेळा आठवण केली आणि मग आकडा शून्य झाला. शेजारी कुणी हात पुढे करणारं नव्हतं. माझा जपानीचा अभ्यास त्या दिवशी संपला, म्हणजे तो कधी सुरू झाला असं धरलं तर.

जपानमध्ये पहिले तीन आठवडे माझं फार छान चाललं. यंत्राची सगळी माहिती इंग्रजीत मिळायची. मी जपानीत काहीच बोलत नव्हतो आणि ते तिथे नम्रता म्हणून खपत होतं. हा एवढा शिकलेला माणूस, पण बघा, एक शब्द मिरवत नाही. स्टेशनवरच्या पाट्यांमध्ये डोंगर किंवा नदी आली की मी ती वाचायचो. नशिबाने त्या देशात दोन्ही भरपूर आहेत. बर्फ मात्र मे महिन्यात नसतो. हे मी आधी बघायला हवं होतं.

चौथ्या सोमवारी ओनो-सान सकाळी अकराच्या सुमारास आले. "आज पॅकिंग विभाग," म्हणाले. ते गालात हसत होते. मला वाटलं, कारखान्याची नेहमीची फेरी.

पॅकिंग विभागाचं दार सरकलं आणि आतली बारा-पंधरा माणसं टाळ्या वाजवायला लागली. मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. कुणी नव्हतं. मधोमध एक बाई उभ्या होत्या. साठीच्या, बारीक, केस आखूड, उजव्या गुडघ्याला पट्टा बांधलेला. किताजिमा. त्यांच्यामागे भिंतीवर एक बोर्ड होता आणि बोर्डवर, प्लॅस्टिकच्या पारदर्शक खिशांमध्ये ओळीने लावलेले पिवळे कागद.

ते कागद मी ओळखले. आमच्या ऑफिसातले होते. मी दर महिन्याला एक पॅड दिलं होतं.

ओनो-सानांनी मला सगळं समजावून सांगितलं, हळू, इंग्रजीत, आनंदाने. आमच्याकडून रिकामी क्रेट जहाजाने परत जपानला जातात. त्यांत काहीही ठेवायला परवानगी नसते. गेल्या नोव्हेंबरमध्ये एका रिकाम्या क्रेटच्या तळाला एक पिवळा कागद चिकटलेला निघाला. वेडीवाकडी, लहान मुलासारखी अक्षरं: "माल चांगला पोचला. इथे ऊन आहे." चौतीस वर्षं किताजिमा-सान क्रेटमध्ये ओळी लिहीत होत्या. चौतीस वर्षांत जगातून कुठूनही उत्तर आलेलं नव्हतं. मग येत राहिली. एकतीस उत्तरं. अक्षर सुधारत गेलेलं. गुडघ्याला तिळाचं तेल लावा. आज इथे चार थेंब पडले. तुमचा बर्फ आम्हाला मार्चमध्ये मिळाला.

"पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होतायत," ओनो-सान म्हणाले. "मी त्यांना सांगितलं, शिष्य इतकं वाचतो, म्हणजे लिहिणारा गुरूच. गुरू येतोय."

किताजिमाबाई पुढे आल्या. पट्टा बांधलेला गुडघा सांभाळत त्या वाकल्या, खूप खोल आणि खूप वेळ. सरळ झाल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. त्या काहीतरी बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही.

मी भिंतीकडे बघितलं, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एकतीस पिवळे कागद, जपानी अक्षरांनी भरलेले, माझ्या दृष्टीने सगळे सारखेच. फक्त प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक ओळ अशी होती, जी त्या भिंतीवरची मला वाचता येणारी एकमेव ओळ होती आणि त्या इमारतीत माझ्याखेरीज कुणालाच वाचता येत नव्हती.

"द. गव्हाणे, स्टोअर."

त्यांना वाटत होतं, ते माझं नाव आहे. मी मान डोलावली असती तर जगाच्या अंतापर्यंत ते माझंच नाव राहिलं असतं. कुणी विचारणार नव्हतं. गुरू नम्र असतो हे तीन आठवडे सिद्ध झालेलंच होतं. मान डोलवायची सवयही होती.

किताजिमाबाई वाट बघत होत्या. चौतीस वर्षं थांबलेल्या त्या बाईला एक वाक्य हवं होतं. खाली चार पर्याय नव्हते. मला लाज वाटली.

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते. म्हणजे तिकडे आठ. म्हणजे शिक्रापूरचा चौक, आणि तिथली रोजची कोंडी. मी फोन काढला.

पहिल्या रिंगला उचलला गेला, कारण तो हातातच होता. पडद्यावर अर्धं कपाळ आणि बसचं छत दिसलं.

"साहेब! जेवलात का?"

"मामा, फोन सरळ धरा. किताजिमाबाई आहेत इथे."

"कोन?"

"तुमची बाई. क्रेटवाली. सगळ्या चिठ्ठ्या भिंतीवर लावल्यात त्यांनी."

कपाळ हललं, छत फिरलं, आणि मामा उभे राहिलेले दिसले. भर बसमध्ये. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत घातली आणि सरळ केली. मागून ड्रायव्हर ओरडला, "मामा, बसा की खाली!"

"थांब रे, पावनं हायेत!" मामा ओरडले.

मी फोन वळवून किताजिमाबाईंसमोर धरला. ओनो-सानांना इंग्रजीत म्हणालो, "हे लिहिणारे. हेच. मी नाही."

किताजिमाबाईंनी पडद्यावरच्या माणसाकडे बघितलं. मग भिंतीवरच्या कोपऱ्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी काहीतरी विचारलं. मामांनी जपानीत उत्तर दिलं, अडखळत, एकेक शब्द खाली ठेवत. शेवटी आपल्या छातीवर हात ठेवून म्हणाले, "गव्हाणे." बाई ते नाव म्हणायला लागल्या. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं, तेव्हा मामा असे हसले की बसमधली चार डोकी पडद्यात शिरली.

मग त्या दोघांचं बोलणं सुरू झालं. किताजिमाबाईंनी पाय पुढे करून गुडघ्याचा पट्टा दाखवला. मामांनी नाक मुरडलं आणि तळव्याने तेल चोळून दाखवलं. बाई डोळे पुसत हसल्या. ओनो-सान भाषांतर करायचे विसरले होते आणि मीही त्यांना आठवण केली नाही. मी दोन्ही हातांनी फोन धरून उभा होतो. पंधरा मिनिटं. दंड भरून आले, पण हात खाली घेतला नाही. वर्षभर मामांनी माझा फोन धरला होता.

कोंडी सुटली असावी, बस हलली, आवाज तुटायला लागला. मामांनी हात जोडले, बाई वाकल्या, आणि पडदा काळा झाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. टाळ्या वगैरे आता कुणी वाजवत नव्हतं. किताजिमाबाईंनी डोळे पुसले, माझ्याकडे नीट बघितलं आणि ओनो-सानांना एक छोटा प्रश्न विचारला. तो मात्र मला भाषांतर न करताही कळला. तरी ओनो-सानांनी केलं.

"त्या विचारतायत, मग तुम्ही कोण?"

"मी बसमध्ये त्यांच्या शेजारी बसतो," मी म्हणालो.